सद्वर्तनाचं पदक

२ ऑगस्ट, बुधवार

आज मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे आताच्या मुख्याध्यापिकांनी, शाळेत बोलावून घेतलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांच्या खोलीच्या दाराशी पोचले की माझा हात आपोआप केस सारखे करायला जातो. शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत. समारंभ १६ सप्टेंबरला, आणि त्यासाठीच्या स्मरणिकेत शाळेचा इतिहास हवा. "तुम्हीच लिहा. चौतीस वर्षं भाषा शिकवलीत, शिवाय आमच्याच माजी विद्यार्थिनी." मी "मला कुठं जमतंय" असं तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणायच्या आत त्या दुसऱ्या कुणाला विचारतील या भीतीने हो म्हणून टाकलं.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तीही याच शाळेतली. आयुष्यभर नर्स होती, पहिल्यापासून माझ्यासोबत राहते आणि मला पेशंट समजते. ती म्हणाली, "लिही ताई. फक्त त्यात शाळाही थोडी येऊ दे."

मला राग आला, पण मी तो दाखवला नाही. पुस्तकांच्या कपाटाशेजारी भिंतीवर माझं सद्वर्तनाचं पदक टांगलेलं आहे, त्याच्याकडे बघितलं. नववीत मिळालं होतं. शाळा दरवर्षी एकाच मुलीला देते. पंचेचाळीस वर्षं झाली, पण पितळेवर एक डाग नाही. अस्सल पितळेला डाग पडत नाही, आणि माणसांचंही तसंच असावं. (हे वाक्य स्मरणिकेत वापरता येईल.)

९ ऑगस्ट, बुधवार

अकरा पानं झाली, शाळा अजून सुरू झालेली नाही. मी आदम-हव्वेपासून सुरुवात केली होती. सगळं फाडलं.

शाळा प्रत्यक्षात सुरू झाली ती बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात. चार सिस्टर, सात मुली आणि एक फळा. त्यातल्या दोन मुली पहिल्याच शुक्रवारी गळाल्या, कारण त्यांच्या आयांना वाटलं होतं की इथे साबण मिळतो. उरलेल्या पाच जणी मॅट्रिकपर्यंत टिकल्या. पुढची वीस वर्षं आमच्या मुलींच्या वह्यांना साबणाचा वास यायचा म्हणतात. मला हे फार आवडलं. धाकटीला वाचून दाखवलं तर तिलाही आवडलं, म्हणजे कुठेतरी चुकलं असणार.

सहावीत असताना मी वर्गातल्या कच्च्या मुलींना कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या, तयारीला मदत करायचे. हे एखाद्या वाक्यात घालावं का? नाव न घेता. "एक होतकरू विद्यार्थिनी" असं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

शिस्त समितीची बैठक. माजी शिक्षिका म्हणून मी अजून तिथे बसते. मुली मला मागे 'फूटपट्टी' म्हणतात हे ठाऊक आहे. सरळपणाबद्दल म्हणत असाव्यात.

आपल्या शाळेत उशीर झाला, गृहपाठ राहिला, वर्गात गोंधळ केला, की मुलीने स्वतःच्या हाताने माफीपत्र लिहायचं. ही पद्धत साबणाच्या कारखान्यापासूनची. आज चौदा पत्रं आली होती. एक तर मी दोनदा वाचलं. आठवीतली मुलगी, आणि लिहिते : "घंटा वाजत असताना मी फाटकाबाहेर उभी होते. बंद फाटकातून आत बघताना मला समजलं, की आत असण्याची किंमत बाहेर गेल्यावरच कळते." मी ते सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, याला म्हणतात पश्चात्ताप. खेळाच्या शिक्षिकेने बाकीची तेरा चाळली आणि खोकायला लागली. तिला सर्दी झाली असावी.

१४ ऑगस्ट, सोमवार

मदरांना भेटले. माझ्या वेळच्या मुख्याध्यापिका. आता एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. कॉन्व्हेंटच्या मागच्या खोलीत असतात. खिडकीतून मैदान दिसतं, त्यामुळे कोण कुठली भिंत चढतं हे अजून त्यांनाच आधी कळतं. एका कानाने ऐकू येत नाही. कोणत्या, ते त्या सोयीनुसार ठरवतात.

मी पदकाचा विषय काढला. म्हटलं, "मदर, माझ्या वेळी त्या पदकाला किंमत होती. हल्ली कुणालाही देतात. गेल्या वर्षी तर भूगोलाचे नकाशे विकणारीला दिलं." स्टाफरूममध्येही मी हे दरवर्षी बोलत आले आहे, आणि दरवर्षी मोठ्या सिस्टर खिडकीबाहेर बघतात.

मदर म्हणाल्या, "तुला तर द्यायलाच हवं होतं. दुसरी कुणी जवळपाससुद्धा नव्हती." आणि हसल्या. खूप वेळ हसल्या. वय झालं की आनंद आवरत नाही. मला मात्र भरून आलं.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

तोंडघशी पडले. चौदाच्या चौदा माफीपत्रं एकाच मुलीने लिहिलेली निघाली.

नववीतली आहे. मुली तिला 'वकील' म्हणतात. उशीर असेल तर एक पेन, वर्गात गोंधळ असेल तर दोन, आणि शिक्षिकेला उलट उत्तर दिलं असेल तर कंपासपेटी. ती मजकूर लिहून देते, मुली आपापल्या अक्षरात उतरवतात. पकडली गेली ती शेवटच्या वाक्यामुळे. "माझे अंतःकरण पश्चात्तापाने भरून आले आहे" हे सगळ्यांत होतं. चौदा अंतःकरणं एकाच आठवड्यात भरून आली, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. चौतीस वर्षं भाषा शिकवली मी. खेळाच्या शिक्षिकेला पहिल्या मिनिटात कळलं होतं. सर्दी वगैरे काही नव्हती.

मी घरी आले आणि धाकटीला म्हणाले, असल्या मुलीला शाळेत जागा नाही. खोटा पश्चात्ताप विकते म्हणजे काय! धाकटीने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "खोटा पश्चात्ताप," ती म्हणाली, "ताई, तुला काहीच आठवत नाही का गं?"

"काय आठवायचं?"

"काही नाही. गोळी घेतलीस का?"

२२ ऑगस्ट, मंगळवार

वकिलाला समितीसमोर बोलावलं. बारीक, चष्मा एका बाजूला धाग्याने बांधलेला. मी विचारलं, "हे असं का केलंस?" म्हणाली, "त्यांना खरंच वाईट वाटत होतं, टीचर. फक्त लिहिता येत नव्हतं."

"आणि पेनं?"

"ती मला हवी होती."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या आईलाही बोलावलं होतं. कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात काम करते. बोटं सुरकुतलेली, पाण्यातून आत्ताच काढल्यासारखी. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "मारा, कोंडून ठेवा, काय हवं ते करा. नाव काढू नका. इथून काढलीत तर दुसरीकडे कोण घेणार? उद्यापासून माझ्याशेजारी इस्त्रीला उभी राहील. तिचा बाप तेवढीच वाट बघतोय." मुलगी इतका वेळ ताठ उभी होती, तेव्हा तिने खाली बघितलं.

नाव काढण्याचा ठराव मीच लिहायचा असं ठरलं. भाषा चांगली म्हणून. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "घाई नाही. एक तारखेला मांडा." रात्रीच्या जेवणाआधी लिहून झाला. सुंदर झालाय. तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा ती सुरकुतलेली बोटं मधे आली. पण नियम तो नियम.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

मदरांनी पत्र्याच्या पेटीची किल्ली दिली. म्हणाल्या, "इतिहास तिथे आहे. आता बघच." पेटीत जुन्या वर्तनवह्या निघाल्या. प्रत्येक मुलीला एक पान. चांगलं ते काळ्या शाईत, वाईट ते लाल शाईत.

एक मोठा घोटाळा उघडकीस आणला आहे! पदकविजेत्यांच्या यादीशी वह्या पडताळून पाहिल्या. पहिल्या वर्षी पदक जिला मिळालं तिच्या पानावर नऊ लाल नोंदी. दुसऱ्या वर्षी सतरा. पाचव्या वर्षीच्या विजेतीने शाळेची शेळी जिन्यावरून वर नेली होती आणि ती खाली उतरेना. असं दर वर्षी! उघड आहे, बांधणीवाल्याने पानं उलटसुलट शिवली. पंचाहत्तर वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, ते माझ्या आलं. स्मरणिकेत स्वतंत्र टीप देणार.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "बांधणीवाला दर वर्षी तोच होता का?" मी म्हटलं असेल. "आणि तुझं पान?" मी म्हटलं, तिथपर्यंत अजून पोचले नाही.

२८ ऑगस्ट, सोमवार

पोचले.

हे लिहू नये असं वाटतंय. पण दैनंदिनीत खोटं लिहायचं तर स्मरणिका काय वाईट होती? जसंच्या तसं उतरवते. सगळं लाल शाईत, मदरांच्या अक्षरात.

"इयत्ता सहावी. वर्गातल्या अकरा मुलींना कन्फेशनसाठी पापांच्या याद्या लिहून दिल्या. साधं पाप एक पेन्सिल, गंभीर पाप दोन. एक यादी प्रार्थनेच्या पुस्तकातून खाली पडली, म्हणून कळलं. आईच्या पुस्तकातून उतरवलेली असावी, कारण चौथं पाप 'नवऱ्याला उलट उत्तर दिलं' असं आहे. फादर काही बोलले नाहीत, बोलणारही नाहीत; कन्फेशनमधलं त्यांना बाहेर सांगता येत नाही. पण चॅपेलच्या मागे रुमालाने डोळे पुसताना दिसले."

"इयत्ता आठवी. बिशपांच्या भेटीच्या दिवशी चॅपेलमध्ये कोणतं गीत म्हणायचं ते दाखवणाऱ्या पाटीवरचे आकडे बदलले. स्वागताला अंत्यविधीचं गीत झालं. बिशपांनी पाचही कडवी उभ्याने ऐकली."

"इयत्ता नववी. सुधारणा नाही. हुशार आहे, म्हणून जास्त भीती वाटते. यंदाचं पदक हिलाच."

एकूण एकवीस नोंदी. पानं उलटसुलट शिवलेली नाहीत. माझं नाव वर मोठ्या अक्षरात आहे, बापाच्या नावासकट.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणणं खोटं होईल. विसरले नव्हते, मी त्याला 'तयारीला मदत' असं नाव दिलं होतं. वकिलाने निदान पापं विकली नाहीत.

पुढे धाकटीचं पान काढलं. काळ्या शाईत एक ओळ : "तक्रार नाही." बाकी सहा वर्षांचं पान कोरं. मी ते उगाच बराच वेळ धरून बसले.

२९ ऑगस्ट, मंगळवार

मदरांकडे गेले. आज दोन्ही कानांनी ऐकू येत होतं.

"म्हणजे पदक वाईट मुलीला द्यायचं?"

"वाईट नव्हे. जिच्यामुळे झोप लागत नाही तिला. ज्यांना सद्वर्तन आहे त्यांना पदक कशाला? औषध आजाऱ्याला देतात." पहिल्या चार सिस्टरांनी ठरवलं, प्रत्येक मुख्याध्यापिकेने पुढचीला कानात सांगितलं. बाकी कुणाला नाही. मुलीला वाटायला हवं की आपण खरंच चांगल्या आहोत, मग ती लाजेकाजेस्तव तशी वागते.

"लागू पडतं?"

"निम्म्यांवर पडतं."

मी विचारायला नको होतं. "आणि माझ्यावर?"

मदरांनी माझा हात हातात घेतला. "तुझ्यावर जरा जास्तच पडलं गं."

हात दाखवून अवलक्षण. मी तिथेच रडले. साठाव्या वर्षी, नाक गळेपर्यंत. चौतीस वर्षं मी ज्या ज्या मुलींना 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणून उभं केलं, त्या एकेक आठवायला लागल्या. आमच्या वेळी असंच होतं, आणि ते करणारी मीच होते.

निघताना मदर म्हणाल्या, "हे कुठे बोलायचं नाही. बाहेर पन्नास-साठ बायका ते पदक भिंतीवर लावून सरळ चालतायत. आणि मोठ्या सिस्टरने यंदाचं नाव अजून ठरवलं नाहीये. तुझ्या ठरावासाठी थांबलीय ती."

१ सप्टेंबर, शुक्रवार

समिती. माझा सुंदर ठराव समोर होता. पदकाबद्दल बोलायचं नाही, मग वकिलाला वाचवायचं कसं? तीन रात्री याचाच विचार केला. शेवटी एकच वाट उरली, आणि ती माझ्याच डोक्यावरून जात होती. उभी राहिले आणि म्हणाले, ठराव मांडण्याआधी जुन्या वर्तनवहीतली एक नोंद वाचते. सहावीची वाचली. चौथ्या पापाला खेळाची शिक्षिका टेबलावर आडवी झाली. गणिताच्या शिक्षिकेने विचारलं, "कोण हो ही कार्टी?"

मी म्हटलं, "मी."

तेवढ्यात बाहेरची घंटा दचकल्यासारखी वाजली. मी पुढे म्हणाले, या मुलीला तेव्हा काढलं असतं तर आज ठराव लिहायला दुसरं कुणी शोधावं लागलं असतं. मग ठराव फाडला. नीट चार तुकडे, फूटपट्टीला शोभतील असे.

आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मी दर वर्षी आठवीला फळ्यावर लिहून शिकवत आले. सोदाहरण स्पष्टीकरणासह.

नाव काढलं नाही. शिक्षा अशी ठरली : वकिलाने पेनं परत करायची आणि एक माफीपत्र लिहायचं, स्वतःसाठी, स्वतःचं. मोठ्या सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. खांदे हलत होते त्यांचे.

४ सप्टेंबर, सोमवार

वकिलाचं माफीपत्र आलं. तीन दिवस लागले तिला. हेच ते :

"मी पत्रं लिहिली. पत्रं लिहिली त्याचं मला फार वाईट वाटत नाही. माझी आई इथे खुर्चीवर बसली नाही, त्याचं वाटतं. हे चांगलं लिहिता येत नाहीये."

मी लाल पेन उघडलं होतं. बंद केलं.

१६ सप्टेंबर, शनिवार

समारंभ झाला. स्मरणिका छापून आली. फाडलेल्या अकरा पानांच्या जागी चारच झाली आणि त्यात मी कुठेच नाही. पदकाबद्दल एकच वाक्य लिहिलं आहे : "सद्वर्तनाचं पदक दर वर्षी योग्य मुलीलाच देण्यात आलं." चौतीस वर्षांत इतकं खरं वाक्य मी लिहिलेलं नाही.

यंदाचं पदक नववीच्या वकिलाला. नाव पुकारल्यावर ती आधी मागे वळून बघत राहिली, दुसरी कोण ते. टाळ्या संपल्यावर माझ्याकडे आली. चष्म्याला नवा धागा होता.

"टीचर, चुकून मिळालं वाटतं."

"आपल्या शाळेत अशा चुका होत नाहीत," मी म्हटलं, माझ्या जुन्या आवाजात.

"पण मी..."

"टाळ्या वाजल्या ना? मग निस्तर आता."

तिची आई सर्वांत मागच्या रांगेत होती. खुर्चीवर बसली होती.

१७ सप्टेंबर, रविवार

मदरांना दिलेला शब्द मी एका माणसापुरता मोडला. सकाळी खिळ्यावरून पदक काढलं, स्वयंपाकघरात गेले आणि धाकटीला सगळं सांगितलं. वहीतली लाल पानं, आणि तिचं कोरं पानसुद्धा. मग पदक तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "खरं तर हे तुझं."

तिने हात पुसले. "मला कशाला? मी कुठे वाया चालले होते?"

मी हसले. ती हसली नाही.

"शाळा सोडताना मदरांचा निरोप घ्यायला गेले होते," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, तुझी मला काळजी नाही. घरापर्यंत रडत आले, ताई. तुला पदक, तुझ्यासाठी प्रार्थना, तुझ्या नावाने आईला बोलावणी. आणि माझी म्हणे काळजी नाही."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

हातातलं पदक उलटं-सुलटं करत बसले. मागची बाजूही पुढच्यासारखीच लखलखत होती. मागची तर भिंतीला असते. मी विचारलं, "हे मागून कसं चकाकतं गं?"

"दर शनिवारी घासते म्हणून," ती म्हणाली आणि भांडी लावायला वळली. "डाग पडला असता तर तू आठवडाभर तोंड पाडून बसली असतीस."

पंचेचाळीस वर्षांतले शनिवार किती होतात, मी मोजले नाहीत.

आता दोन ऑगस्टचं पान उघडलं आहे. "अस्सल पितळेला डाग पडत नाही." ते खोडत नाही, राहू दे. त्याच्याखाली लाल पेनाने धाकटीचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. आणि पुढे नोंद केली : "हिची काळजी वाटते. फार वर्षांपासून वाटायला हवी होती."